साळवे मॅडमची कोरडी हवा

साळवे मॅडमच्या प्रयोगशाळेत शिरताना ओली चप्पल, ओला रुमाल आणि पाण्याचा तांब्या बाहेर ठेवावा लागे. अघळपघळ बोलणंही बाहेर ठेवता आलं तर बरंच, पण एखाद्याला ते जमलं नाही तर मॅडम चालवून घेत. तांब्याला मात्र माफी नव्हती.

आमच्या जालन्याकडे दारात आलेल्या माणसाला नाव विचारायच्या आधी पाणी देतात. त्यामुळे नवा माणूस हमखास दुखावला जायचा. परतूरहून आमच्या कॉलेजात आलेला एक कारकून पहिल्याच दिवशी उन्हातून आत आला, स्टुलावर टेकला आणि इकडेतिकडे बघत म्हणाला, "मॅडम, इथं पाणी बी विचारत न्हाईत का?"

"विचारतो ना. व्हरांड्यात विचारतो," मॅडम म्हणाल्या. "चला, मलाही प्यायचंच आहे."

आणि खरोखर उठून त्याच्याबरोबर बाहेर गेल्या. माठातलं पाणी स्वतः काढून त्याला दिलं, स्वतः प्यायल्या, आणि मग दोन्ही हात उन्हात पुढे धरून उभ्या राहिल्या. हात पुरते वाळल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही, हा नियम त्यांनी सगळ्यात आधी स्वतःला लावला होता. कारकून बघतच राहिला. नंतर त्याने ऑफिसात जाऊन सांगितलं म्हणे, की बाई चांगल्या आहेत, पण उन्हाला हात दाखवतात.

एकदा स्टाफरूममध्ये कुणीतरी गमतीने विचारलं, "मॅडम, पाण्याशी एवढं वैर कशाचं हो?" मॅडम पेपर तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आमच्या आजीला गावच्या आडावर पाणी भरू देत नव्हते. आता मी कुणालाच आत पाणी आणू देत नाही." आणि मोकळेपणी हसल्या. बाकीच्यांना हसावं की नाही ते कळेना. मॅडमनी शांतपणे पुढचा पेपर ओढला.

मी तिथे प्रयोगशाळा सहायक म्हणून लागले तेव्हा नव्वद साल उजाडलं होतं. मॅडम एक्क्याऐंशीपासून रसायनशास्त्र शिकवत होत्या. बाटल्या, चाव्या, नोंदी आणि साफसफाई माझ्याकडे, विचार त्यांच्याकडे, अशी आमची वाटणी होती आणि ती दोघींनाही सोयीची होती. मॅडमची उंची बेताची, आवाज मोठा. सुती साडी घोट्याच्या वर, पदर कमरेला खोचलेला. बोलताना समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देत, मग विचारत, "हे तुम्ही मोजलंय, की ऐकलंय?" या प्रश्नाने मोठमोठे लोक गडबडत.

त्यांचा विषय होता लिथियमच्या बॅटरीतलं द्रावण. त्याला इलेक्ट्रोलाइट म्हणतात. बीएस्सीच्या पोरांना त्या हे असं सांगत: "भोकरदन आणि जालना ही बॅटरीची दोन टोकं समजा. लिथियमचे कण म्हणजे प्रवासी. सकाळी इकडून तिकडे, संध्याकाळी तिकडून इकडे. लोक गावांबद्दल बोलतात, प्रवाशांबद्दल बोलतात. रस्त्याबद्दल कोण बोलतं? इलेक्ट्रोलाइट म्हणजे तो रस्ता. रस्ता घट्ट असला तर गाडी रखडते, पातळ केला तर उन्हात उडून जातो, आणि त्यात पाणी शिरलं तर खड्डेच खड्डे. मंग प्रवासी कितीही तगडे असू द्या, पोचत नाहीत."

वर्गात हा "मंग" आला की समजायचं, मॅडम रंगात आल्या आहेत.

पाण्याचं वैर खरं ते इथे होतं. घागरभर द्रावणात चमचाभर पाणी गेलं तरी सगळं वाया. त्यातल्या क्षारापासून आम्ल तयार होतं आणि ते बॅटरीला आतून खातं. मोठ्या प्रयोगशाळांमध्ये यासाठी बंद पेट्या असतात, त्यात आर्गॉन वायू भरलेला असतो, बाहेरून हातमोजे घालून काम करायचं. आमच्याकडे मुख्य इमारतीच्या मागे पत्र्याची खोली होती आणि एक कपाट, ज्याचं दार लागत नसे.

मॅडमकडे तिसरी एक गोष्ट होती, जी कुणाला दिसत नव्हती. जालन्याचा उन्हाळा.

आमच्या उन्हाळ्याला आम्ही सगळेच शिव्या देतो. ओठ फुटतात, लाकडी दारं आखडून करकरतात, दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. मॅडमला त्यात फक्त एक गोष्ट दिसली, की ही हवा कोरडी आहे, फुकट आहे, आणि पुण्या-मुंबईला मिळत नाही. त्यांनी वर्षाची घडीच त्याप्रमाणे बसवली. पावसाळ्यात बाटली उघडायची नाही. तेव्हा वाचन आणि आकडेमोड. हिवाळ्यात काचेची भांडी, नळ्या, बुचं यांची तयारी. आणि एप्रिल-मे, सगळं कॉलेज सुटीवर गेलं, की खरं काम.

"मॅडम, सुटीत लोक महाबळेश्वरला जातात," भौतिकशास्त्राचे सर चिडवत.

"जाऊ द्या. तिथं ओल असते."

कोणत्या आठवड्यात हवा सगळ्यात कोरडी आहे हे ठरवण्याची त्यांची स्वतःची पद्धत होती. भिंतीवर ओला-कोरडा तापमापक होता, तो त्या बघतच. पण त्याआधी सकाळी येताना गल्लीतल्या बायकांना विचारत, "कुरडया एका दिवसात वाळल्या का गं?" दोन दिवस लागले असं कळलं की त्या दिवशी बाटली उघडायची नाही. गल्लीतल्या बायकांचा समज झाला की मॅडमला कुरडया फार आवडतात. मे अखेरपर्यंत त्यांच्या घरी कुरडयांचे डबे साठत आणि जूनमध्ये ते आमच्या सगळ्यांच्या घरी वाटले जात. त्या स्वतः एकही खात नसत. तेलकट चालत नसे.

तशी बंद पेटी त्यांनी जालन्यातच करून घेतली. दुकानांच्या पाट्या बनवणाऱ्या एका कारागिराकडून जाड पारदर्शक प्लास्टिकचे पत्रे कापून घेतले, त्याला दोन गोल भोकं पाडली आणि कोपरापर्यंतचे रबरी मोजे बसवले. नायट्रोजनचा सिलिंडर औरंगाबादहून टेम्पोत आला. आमचे शिपाई रहीमचाचा नोकरीला लागायच्या आधी सायकलचे पंक्चर काढायचे. त्यांनी पेटीला हात फिरवून जाहीर केलं, "बिलकुल टाइट हाय, मॅडम. फिकर करू नका."

"मोजलंय का, चाचा?"

"आता पेटी काय टपात बुडवू? हुकूम द्या, बुडवतो. पाणी तर तुम्ही आणू देत न्हाईत."

मॅडम विचारात पडल्या. शेवटी चाचांनीच तोड काढली. उदबत्त्यांचा जुडगा पेटवून रिकाम्या पेटीत ठेवला, झाकण घट्ट केलं, आणि आम्ही तिघं चारी बाजूंनी बघत बसलो, की धूर कुठून निघतो. तेवढ्यात प्राचार्य आले. पेटीत उदबत्त्या, समोर हात बांधून आम्ही तिघं. ते चपला काढूनच आत आले.

"वा, वा," ते हळू आवाजात म्हणाले. "पेटीची पूजा का?"

"पूजा नाही सर, चौकशी," मॅडम म्हणाल्या, आणि धुराच्या एका बारीक रेषेवर बोट ठेवलं. "ही बघा, इथं चोर आहे."

पाणी शोषून घेणारे दाणे असतात, साबुदाण्यासारखे पांढरे. ते भट्टीत चांगले तापवावे लागतात, म्हणजे पुन्हा तहानलेले होतात. ते काम चाचा करत, आणि फुटाणे भाजणाऱ्याच्या तोऱ्यात करत. द्रावणं या दाण्यांवर दिवसच्या दिवस ठेवायची, काढायची, परत ठेवायची. "आधी वाळव, मग बोल," हे मॅडमचं आवडतं वाक्य. ते त्या द्रावणाबद्दल म्हणत, पण आम्ही ते प्राचार्यांच्या भाषणापासून नव्या नवरदेवापर्यंत सगळ्यांना वापरत असू.

त्यांचं संशोधन एका विशिष्ट दिशेने वळलं, त्याला एक लग्न कारणीभूत आहे. गावात लग्नांची व्हिडिओ शूटिंग करणारा एक तरुण होता, राजू. त्याने नवा परदेशी कॅमेरा घेतला होता, त्यात या नव्या प्रकारची बॅटरी होती. एका मे महिन्यात तो ती बॅटरी रुमालात गुंडाळून घेऊन आला. तिचं पोट फुगलं होतं.

"मॅडम, ऐन अंतरपाटाच्या टायमाला बंद पडली हो. नवरीचा बाप म्हणतो, दुबारा लाव लगन!"

"ठेवली कुठं होतीस?"

"जीपमधी. समोर काचेपाशी."

"दुपारभर?"

"मंग काय, वरातच दुपारची होती."

मॅडमनी ती बॅटरी हातात न घेता आधी मातीच्या कुंडीत ठेवायला लावली. मग बराच वेळ तिच्याकडे बघत उभ्या राहिल्या. त्या दिवशी त्यांनी मला जे सांगितलं ते माझ्या अजून कानात आहे. "मंगल, हे जे परदेशातले लोक बॅटरीवर लिहितात ना, त्यांना सगळी काळजी थंडीची. बर्फात बॅटरी चालेल का, गोठेल का. बरोबर आहे, त्यांच्याकडे बर्फ पडतो. पण ही वस्तू एक दिवस आपल्याकडेही सगळ्यांच्या हातात येणार. आपल्या जीपच्या काचेपाशी कोण बघणार?"

त्या बघणार होत्या. उन्हात टिकणारा इलेक्ट्रोलाइट, हा त्यांचा पीएचडीचा विषय ठरला. वय तेव्हा पंचेचाळीस ओलांडलेलं. त्यातला एक मुख्य द्रव असा आहे, की तो हिवाळ्यात साजूक तुपासारखा थिजलेला असतो आणि आमच्या मे महिन्यात कपाटातच आपोआप वितळतो. मॅडम ती बाटली वर धरून पोरांना दाखवत, "बघा, याला जालना कळतं." त्यात दुसरे पातळ द्रव किती मिसळायचे, कोणता पदार्थ चिमूटभर घातला की उन्हातही द्रावण बिघडत नाही, हे त्यांनी उन्हाळ्यामागून उन्हाळे शोधलं. तपासणी साधी होती आणि कठोर होती. लिथियमची चकचकीत पट्टी द्रावणात बुडवून बाटली बंद करायची आणि गरम कपाटात ठेवून द्यायची. पट्टी काळवंडली की द्रावण नापास. कित्येक बाटल्या नापास झाल्या. मी त्या धुतल्या नाहीत. त्यातलं लिथियम पाणी लागताच पेट घेतं, ते मॅडमनी स्वतः निकामी केलं, कारण ते काम धोक्याचं होतं आणि धोक्याचं काम त्या दुसऱ्याला देत नसत.

मापाच्या बाबतीत त्या कशा होत्या ते सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं नीट कळणार नाही. प्रात्यक्षिक परीक्षेत एका हुशार मुलाने पुस्तकातला आकडा जसाच्या तसा लिहिला. त्याच्या शेजारच्या मुलीचा आकडा पुष्कळ चुकलेला होता. मॅडमनी मुलीला चांगले गुण दिले आणि मुलाला नापास करायच्या बेतात होत्या. मुलाचे वडील आले, कॉलेजच्या संस्थेत वजन असलेले. म्हणाले, "मॅडम, पोराचं उत्तर तर बराबर हाय."

"उत्तर बरोबर आहे, पण त्याचं नाही," मॅडम म्हणाल्या. "त्या दिवशी त्याचा तापमापक फुटलेला होता. फुटलेल्या तापमापकाने एवढं बरोबर मोजणारा मुलगा मला परत एकदा बघायचाय. उद्या पाठवा." दुसऱ्या दिवशी मुलगा आला, मोजलं, चुकला, आणि पास झाला.

तर अशा बाईंचा प्रबंध शहाण्णव साली विद्यापीठातून परत आला. दोन परीक्षकांपैकी एकाने शेरा लिहिला होता. द्रावणातलं पाण्याचं प्रमाण एवढं कमी, आणि तेही अशा साधनांनी, असंभाव्य वाटतं, खुलासा व्हावा. हे परीक्षक डॉ. वैद्य, पुण्याच्या एका मोठ्या प्रयोगशाळेतले.

मॅडमनी शेरा वाचला, घडी घातली आणि पहिल्या वर्षाच्या तासाला निघून गेल्या. तास पूर्ण घेतला. परत आल्यावर खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "त्यांनी खोटं म्हटलेलं नाही, मंगल. असंभाव्य म्हटलंय. पण बाहेर ते कसं ऐकलं जाईल?"

मला माहीत होतं कसं ऐकलं जाईल. ते ऑफिसात ऐकूही येऊ लागलं होतं. कुणी म्हणालं, पत्र्याच्या खोलीत काय संशोधन होतं. कुणी याहून वाईट म्हणालं, पुढे काय बोललं गेलं ते लिहीत नाही. त्यात मॅडमची जात होती. पीएचडी मिळाली नसती तर त्यांचं काही अडत नव्हतं. नोकरी पक्की होती. पण आयुष्यभर ज्या बाईने दुसऱ्यांना "मोजलंय का" विचारलं, तिच्या मोजण्यावरच बोट ठेवलं गेलं होतं.

त्यांनी खुलासा म्हणून दोन ओळी लिहिल्या: आकडे खरे आहेत. आपण मे महिन्यात जालन्याला यावं आणि स्वतःच्या हाताने मोजावं.

परीक्षक असे कुणाच्या बोलावण्यावरून येत नाहीत. डॉ. वैद्य आले. औरंगाबादपर्यंत रेल्वेने आणि तिथून एस.टी.ने.

तयारी आठवडाभर चालली होती. दाणे भाजले, भांडी तापवली, पेटीची पुन्हा उदबत्तीने चौकशी झाली. कुरडयांचा अहवाल उत्तम होता. आदल्या दिवशी मॅडमनी एकदा सगळं करून पाहिलं, आकडा प्रबंधातल्यासारखाच आला. सकाळी त्या आणि मी पाहुण्यांना आणायला बसस्टँडवर गेलो. आम्ही घेऊन परत आलो तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं.

प्रयोगशाळेच्या दारात पाऊल ठेवलं आणि मॅडम थबकल्या. आत गारवा होता. वाळ्याचा सुगंध दरवळत होता. खिडकीत एक भलामोठा कूलर बसवलेला होता आणि तो घरघर करत पाण्याने थबथबलेल्या वाळ्यातून हवा आत ढकलत होता.

प्राचार्य पुढे आले, हात जोडून, चेहरा आनंदाने फुललेला. "या, या साहेब. आमच्याकडचं ऊन तुम्हाला सोसायचं न्हाई. मॅडमला सांगितलं न्हाई, म्हटलं, सरप्राइज द्यावं. घरचा कूलर आणलाय."

बिचाऱ्यांनी स्वतःच्या घरचा, बायकोच्या खोलीतला कूलर उतरवून आणला होता. मागे रहीमचाचा रिकामी बादली घेऊन उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं की ते भांडले होते आणि हरले होते.

"मॅडम," ते पुटपुटले, "मी बोल्लो साहेबांना. मेमानला तरास होईल म्हणले. दोन घंटे झाले, चालूच हाय."

मॅडमनी भिंतीकडे पाहिलं. तापमापकाचे दोन्ही पारे एकमेकांच्या जवळ येऊन बसले होते, म्हणजे हवेत भरपूर पाणी. बाटली उघडल्यापासून पेटीतल्या नळीत पोचेपर्यंतचे काही क्षण द्रावण उघड्या हवेत असतं. आज ते बिघडायला तेवढे क्षण पुरेसे होते. मी मॅडमकडे बघत होते. इतक्या वर्षांत त्यांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. पाहुण्यांच्या देखत प्राचार्यांना बोलायचं म्हणजे त्या चांगल्या माणसाचा पाणउतारा. गप्प बसायचं म्हणजे आकडा बिघडणार आणि तो पुण्याला जाणार.

त्या पाहुण्यांकडे वळल्या. "सर, ही खोली आज माझी नाही. प्राचार्यांनी तुमच्यासाठी प्रेमाने कूलर लावलाय. पण मी जे मोजलं ते या हवेत मोजलं नव्हतं. मला हा बंद करावा लागेल, आणि तुम्हाला उन्हात बसावं लागेल."

प्राचार्यांचा चेहरा उतरला. "अहो मॅडम, पाहुणे आहेत! मी आत्ता काढायला लावतो, पण साहेब इथं भाजून निघतील..."

डॉ. वैद्य सडपातळ, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी कूलरकडे पाहिलं, तापमापकाकडे पाहिलं. मग म्हणाले, "थांबा. बंद करू नका. आधी असंच एकदा मोजू."

मॅडम इतक्या दिलखुलास हसल्या, की प्राचार्यही न कळता हसू लागले. "बरोबर," त्या म्हणाल्या. "हे मला सुचायला हवं होतं."

डॉ. वैद्यांनी बाह्या दुमडल्या आणि रबरी मोज्यांत हात घातले. पाणी मोजायची पद्धत अशी, की तपकिरी औषध थेंबाथेंबाने द्रावणात सोडायचं; पाणी असेल तोवर रंग उडत राहतो, पाणी संपलं की रंग टिकतो. औषधाला घाणेरडा वास असतो. थेंब पडत होते आणि रंग उडत होता. पडत होते, उडत होता. प्राचार्य नाकाला रुमाल लावून विचारत होते, "हे चांगलं चाललंय की वाईट?" शेवटी रंग टिकला तेव्हा औषधाची नळी बरीच रिकामी झाली होती. पाणी प्रबंधातल्या आकड्याच्या कितीतरी पट.

"आता," डॉ. वैद्य म्हणाले, "तुमची हवा."

चाचांनी कूलर बंद केला आणि बादलीसकट बाहेर नेला. मग मॅडमनी जे केलं ते जालन्यात कुणी शहाणा माणूस मे महिन्याच्या दुपारी करत नाही. त्यांनी सगळ्या खिडक्या सताड उघडल्या. झळ आत आली, टेबलावरचे कागद उडाले, पत्रे तडतडू लागले. आम्ही बसून राहिलो. डॉ. वैद्यांनी चष्मा काढून पुसला, मग शर्टाची वरची गुंडी सोडली. मधे एकदा ते व्हरांड्यात जाऊन पाणी प्यायले आणि कुणी न सांगता हात वाळेपर्यंत उन्हात उभे राहिले. त्यांच्या शेजारी जाऊन प्राचार्यही तसेच उभे राहिले, का ते विचारायचं धाडस न करता.

दोन पारे हळूहळू एकमेकांपासून लांब गेले. मॅडम म्हणाल्या, "आता."

नवी नळी, नवं द्रावण. मोजणारे हात पुन्हा डॉ. वैद्यांचेच, मॅडम हात मागे बांधून दूर उभ्या होत्या. पहिले काही थेंब पडले, रंग उडाला. आणखी थोडे पडले. आणि मग रंग तसाच राहिला. गेला नाही. डॉ. वैद्य वाकून बघत होते, आम्ही त्यांच्याकडे. त्यांनी परत एकदा मोजलं, वेगळ्या बाटलीतून. पुन्हा तेच. मग मोज्यांतून हात काढले. हात घामाने निथळत होते.

"साळवे मॅडम," ते म्हणाले, "माझ्या प्रयोगशाळेत हे मला पुष्कळ खर्च करून मिळतं. मी लिहिलेला शब्द चुकीचा होता. आजच बदलतो."

"शब्द चुकीचा नव्हता सर," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही जालना बघितलं नव्हतं."

रहीमचाचा व्हरांड्यातून ओरडले, "साहेब, पास का नापास?" आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच टाळ्या वाजवू लागले. प्राचार्यांनी पुढची कित्येक वर्षं प्रत्येक समारंभात सांगितलं, की त्या संशोधनात त्यांच्या कूलरचा मोठा वाटा होता. मॅडम व्यासपीठावर बसून गंभीरपणे मान हलवत. ते खरंच होतं.

मॅडमचं काम फार गाजलं वगैरे नाही. दोन निबंध छापून आले, कुणीकुणी त्यांचा उल्लेख केला. जगभर हजारो लोक या द्रावणांवर काम करतात. त्यांत एक काम जालन्याच्या पत्र्याच्या खोलीतलं आहे, एवढंच. मला तेवढं पुष्कळ वाटतं. नावामागे डॉक्टर लागल्यावरही गल्लीतल्या बायका त्यांना कुरडया पाठवतच राहिल्या.

दोन हजार तीनमध्ये त्या निवृत्त झाल्या. पुढच्याच वर्षी पुण्याहून डॉ. वैद्यांचा फोन आला. तोपर्यंत लोकांच्या खिशात मोबाइल आले होते आणि उन्हात तापणाऱ्या बॅटऱ्यांचा प्रश्न सगळ्यांचा झाला होता. त्यांच्याकडच्या नव्या मुलांचे आकडे एकमेकांशी जुळत नव्हते. दोन महिने या आणि पोरांचा हात बसवून द्या, असं त्यांनी सांगितलं. मॅडमनी एका वाक्यात होकार दिला आणि मला निरोप पाठवला, की स्टेशनवर ये, सामान फार आहे.

सामान काही फार नव्हतं. एक पिशवी आणि एक ट्रंक. पुण्याच्या गाडीला गर्दी होती. मी ट्रंक बाकाखाली सरकवून खाली उतरले आणि खिडकीपाशी उभी राहिले. समोरच्या बाकावर गाठोडं घेऊन एक म्हातारी बसली होती, गावाकडची. तिने मॅडमकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आक्का, लेकाकडं निघालात जणू?"

"न्हाई," मॅडम म्हणाल्या. "कामाला चालले."

"ह्या वयात? कसलं म्हणायचं काम?"

"मोजायचं."

"काय मोजायचं असतं तिथं?"

मॅडमनी आपली पिशवी बाजूला सरकवून जागा केली. "इकडं या, बसा. सांगते."

म्हातारी गाठोड्यासकट उठून त्यांच्या शेजारी येऊन बसली. गाडी हलली. मी हात वर केला, पण मॅडमचं लक्ष नव्हतं. खिडकीतून त्यांचा हात दिसत होता, हवेत काहीतरी आखून दाखवणारा, आणि म्हातारीची मान दिसत होती, पदर सावरत हळूहळू होकार देणारी. फलाट संपेपर्यंत दोघींपैकी कुणीही बाहेर पाहिलं नाही.